अटकेनंतर काय होतं? पोलीस आणि राजकारणावरच्या थरारकादंबरीचा दुसरा भाग लिहिताना

पहिला भाग बहुतेक एकाच जागी संपतो. रात्री दीडच्या सुमाराला पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी शिरते, ज्याच्या नावाने तालुका थरथरतो त्या पोलीस निरीक्षकाला त्याच्याच केबिनमधून बाहेर आणतात, आमदाराचा फोन बंद लागतो, आणि आपली नायिका, एपीआय म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, टोपी काढून बाकड्यावर बसते. वाचक समाधानाने पुस्तक मिटतो. दोन महिन्यांनी लोक विचारू लागतात, पुढचा भाग कधी?

गेली काही वर्षं मी नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचून देते. त्यांत अशा दुसऱ्या भागांची संख्या बरीच आहे आणि ते सगळे एकाच ठिकाणी अडखळतात. आमदाराच्या जागी मंत्री येतो, दोन खुनांचे सहा होतात, गोळीबार वाढतो. पहिल्या भागात पकडलेला निरीक्षक मात्र कुठेच दिसत नाही, जणू अटक झाली आणि प्रकरण मिटलं. आपल्या राज्यातला कुठलाही हवालदार सांगेल की अटक ही प्रकरणाची सुरुवात असते. पुढची पाच-सात वर्षं ते प्रकरण कागदावर जगवायचं असतं, आणि त्याच कागदावर ते मारायला माणसं बसलेली असतात. दुसरा भाग त्या कागदांत आहे. तो तिथून कसा काढायचा, ते इथे क्रमाने सांगते.

पायरी १: पहिल्या भागातल्या कागदांची यादी करा

नवं कथानक सुचण्याची वाट बघू नका. एक वही घ्या आणि तुमच्याच पहिल्या भागात जन्माला आलेला प्रत्येक कागद, प्रत्येक वस्तू लिहून काढा. गुन्हा रजिस्टर नंबर, फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, जप्त केलेले मोबाईल, स्टेशन डायरीतल्या नोंदी. प्रत्येकासमोर तीन उत्तरं लिहा. हे आज कुठे आहे? त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे? हे हरवलं तर कोणाचा फायदा?

समजा, निरीक्षकाला लाच घेताना पकडलं होतं. पहिल्या भागात तुम्ही तो प्रसंग दोन पानांत उरकला असेल, तर आता तो नीट समजून घ्या, कारण दुसऱ्या भागाचा निम्मा मालमसाला त्यात आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन केला की लगेच सापळा लागत नाही. आधी पडताळणी होते. तक्रारदाराला व्हॉइस रेकॉर्डर देऊन पाठवतात आणि सोबत पंच असतो. पंच दुसऱ्याच सरकारी खात्यातला, पाटबंधारे किंवा जिल्हा परिषदेतला कारकून. मागणी झाली हे त्याच्या कानांनी ऐकलं गेलं की मग सापळापूर्व पंचनामा. नोटांचे क्रमांक लिहितात, नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पावडर लावतात. ज्या शिपायाने पावडर लावली तो कार्यालयातच थांबतो, म्हणजे त्याच्या हाताची पावडर कुणाला लागली असं उद्या म्हणता येऊ नये. तक्रारदाराला बजावतात की मागितल्याशिवाय द्यायचं नाही, आणि हात मिळवायचा नाही. पैसे घेतले गेले की तो ठरलेली खूण करतो, डोक्यावरून रुमाल फिरवतो म्हणा. पथक आत शिरतं. सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात हात बुडवतात, पाणी गुलाबी होतं. उजव्या हाताची बाटली वेगळी, डाव्या हाताची वेगळी. पँटच्या खिशाचं अस्तरसुद्धा धुतात. बाटल्यांना लाख लावून पंचांच्या सह्यांची लेबलं चिकटवतात.

आता कादंबरीकाराच्या नजरेने बघा. निरीक्षक स्वतः कशाला हात लावेल? तो सांगतो, चहाच्या टपरीवरच्या पोराकडे दे. बातमीत 'खासगी इसमामार्फत लाच स्वीकारली' असं वाचता ना, तोच हा खासगी इसम. पाणी गुलाबी झालं ते त्या पोराच्या हातांनी. निरीक्षकाचे हात बुडवले तर पाणी स्वच्छच राहतं. त्याला त्या पैशांशी जोडणारा धागा म्हणजे एक ध्वनिमुद्रण, एक पंच आणि ते पोर. दुसऱ्या भागात त्या पोराचं काय होतं, हा मला शंभर पाठलागांपेक्षा जास्त धरून ठेवणारा प्रश्न वाटतो. आणखी एक बारीक गोष्ट: बाटलीतला गुलाबी रंग काळाने फिका पडतो. खटला उभा राहील तेव्हा न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवलेल्या बाटलीत कदाचित साधं पाणी दिसेल. प्रयोगशाळेचा अहवाल फाइलमध्ये असतोच, पण पाच वर्षांनी ती बाटली हातात घेणाऱ्या तुमच्या नायिकेला काय वाटेल ते लिहा.

पायरी २: तारखांचा तक्ता भिंतीवर लावा

दोन भागांमध्ये किती काळ गेला हे आधी ठरवा. आपल्याकडे कायदाच मध्ये बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. २०२२ मधल्या खुनाला भारतीय दंड विधानाचं कलम ३०२ च लागेल, मग आरोपी कधीही सापडो. २०२५ मधल्या खुनाला न्याय संहितेचं कलम १०३. दोन्ही गुन्हे एकाच टोळीचे असतील, तर तुमच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन वेगळ्या भाषांतल्या दोन फाइली असतील. जुन्या सवयीने 'तीनशे दोन' म्हणणारा सहायक फौजदार आणि नवी कलमं पाठ केलेली तरुण पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) यांचा संवाद आपोआप जिवंत होतो.

मग मुदती मांडा, कारण थरार मुदतींतून येतो. तपास ६० किंवा ९० दिवसांत पूर्ण होऊन दोषारोपपत्र गेलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. २ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह टिपणारे सीसीटीव्ही बसवायला सांगितले. चित्रण १८ महिने साठवायचं, तेवढी क्षमता मिळत नसेल तरी एक वर्षाच्या खाली जायचं नाही. दूरसंचार कंपन्यांना कॉलचे तपशील किमान दोन वर्षं ठेवावे लागतात. म्हणजे पहिल्या भागातल्या त्या रात्री ठाण्यात कोण आलं-गेलं, कोणी कोणाला फोन केला, याचा पुरावा आपोआप पुसला जाण्याची तारीख ठरलेली आहे. बॉम्बच्या घड्याळाची गरज नाही. ते चित्रण मागणारा अर्ज कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडून आहे आणि कॅलेंडर पुढे सरकतंय, एवढं पुरे.

पायरी ३: मंजुरीची फाइल

नवे लेखक सगळ्यात जास्त इथेच चुकतात. अटक झाली, आता खटला, असं त्यांना वाटतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ नुसार लोकसेवकावर खटला चालवायला मंजुरी लागते, आणि ती देणारा असतो त्याला नोकरीतून काढण्याचा अधिकार असलेला वरिष्ठ. निर्णय तीन महिन्यांत व्हावा, कायदेशीर सल्ल्यासाठी आणखी एक महिना, असं कायदा म्हणतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर हे कवच निवृत्त अधिकाऱ्यालाही मिळालं. त्याच दुरुस्तीतलं कलम १७अ वेगळं आहे. अधिकाऱ्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी सुरू करायलाही आधी परवानगी लागते. लाच घेताना जागेवर पकडलं तर मात्र ती अट नाही. हा फरक कथानकासाठी सोन्यासारखा आहे. पाच हजार घेणारा फौजदार जागेवर सापडतो, पण एका सहीने पन्नास एकर गायरान फिरवणाऱ्याच्या दारात जायला आधी वरची परवानगी काढावी लागते.

आणि एक गोष्ट विसरू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागही गृह खात्याच्याच छत्राखाली आहे आणि तिथले अधिकारी पोलीस दलातूनच काही वर्षांसाठी येतात. ज्यांनी निरीक्षकाला पकडलं ते उद्या त्याच दलात परत जाणार आहेत, कदाचित त्याच्याच मित्राच्या हाताखाली.

माझ्या मते दुसऱ्या भागाचा सर्वांत ताकदवान पहिला प्रसंग इथेच सापडतो. निलंबन अनिश्चित काळ चालत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तीन महिन्यांत आरोपपत्र बजावलं नाही तर निलंबन लांबवू नये. मग आढावा समिती बसते आणि निलंबित अधिकारी 'अकार्यकारी पदावर' पुन्हा रुजू होतो. सकाळची वेळ, मुख्यालयाचा व्हरांडा. पहिल्या भागात जिने स्वतःच्या साक्षीने त्याला आत पाठवलं ती एपीआय समोरून येते. गणवेशातला निरीक्षक थांबतो. तो तिला वरिष्ठ आहे. तिला सॅल्यूट करावा लागतो. "जय हिंद सर." तो म्हणतो, "जय हिंद. घरचे बरे आहेत ना?" इथे पहिलं प्रकरण संपवा. कुणीही पुस्तक खाली ठेवणार नाही.

पायरी ४: बदली हेच हत्यार

आपल्याकडे प्रामाणिक अधिकाऱ्याला संपवायला गोळी लागत नाही. एक ओळ लागते: 'प्रशासकीय कारणास्तव'. ती ओळ कशी तयार होते ते दाखवा. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले. त्यांतून बदल्या ठरवणारी पोलीस आस्थापना मंडळं आली, किमान कार्यकाळ आला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२न मध्ये पीएसआय, एपीआय आणि पीआय (पोलीस निरीक्षक) यांना एका ठाण्यात दोन वर्षं, जिल्ह्यात चार वर्षं असा सर्वसाधारण कार्यकाळ लिहिला आहे. त्याच कलमात दारंही आहेत. भ्रष्टाचाराचा आरोप, कर्तव्यात कसूर, लोकहित, प्रशासकीय निकड.

म्हणून तुमचा खलनायक आधी दार उघडतो. एक निनावी अर्ज येतो की एपीआय मॅडम वाळूच्या डंपरमागे पैसे घेतात. त्या अर्जावर एका ओळीचा शेरा पडतो, प्राथमिक चौकशी लागते, मंडळाच्या बैठकीच्या इतिवृत्तात ते वाक्य जातं. चौथ्या दिवशी बिनतारी संदेश: तत्काळ कार्यमुक्त करावे. संध्याकाळी सहापर्यंत पदभार सोपवायचा. या एका दिवसाला संपूर्ण प्रकरण द्या. ती कपाट रिकामं करते, रायटर (ठाण्यातला लेखनिक पोलीस) केस डायऱ्यांची यादी करतो, नवीन तपास अधिकारी प्रत्येक कागदावर सही घेतो आणि एक कागद घेत नाही. "हा यादीत नाही मॅडम." तो कोणता कागद, हे वाचकाला ऐंशी पानांनी कळू द्या.

तिच्यापुढे वाट असते ती मॅटची, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठं बसतात. बदलीला तिथे आव्हान देता येतं आणि मंडळाची इतिवृत्तं तिथेच बाहेर काढायला लावता येतात. कोर्टरूम प्रसंगासाठी फौजदारी न्यायालयच हवं असं नाही. मॅटमध्ये सरकारी वकील इतिवृत्ताची प्रत सादर करतो, तिच्यावरची तारीख अर्ज येण्याच्या आधीची निघते, आणि सगळा डाव त्या एका तारखेत उघडा पडतो.

पायरी ५: पैसा कुठून येतो, हे एका धंद्यात दाखवा

सगळे घोटाळे एका पुस्तकात कोंबू नका. एक धंदा निवडा आणि तो तळापासून दाखवा. वाळू घेतलीत तर नदीपात्रातल्या सक्शन बोटीपासून सुरुवात करा. रॉयल्टीची पावती एक आणि तिच्यावर फेऱ्या सात. तलाठ्याला कळतं, कारण ट्रक त्याच्या घरावरून जातात. बेकायदा उपशाला महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहनजप्ती आहे. पण ती कारवाई महसूल खात्याची, आणि पोलिसांकडे चोरीचा गुन्हा. या दोन खात्यांच्या फटीत हप्ता राहतो. तहसीलदार म्हणतो बंदोबस्त मिळाला नाही, ठाणेदार म्हणतो पत्र आलं नाही. दोघांचंही खरं असतं, कारण पत्र मुद्दाम शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेलं असतं. पैशाचा पुढचा प्रवास पतसंस्थेतून जमिनीत जातो. ते थोडक्यात दाखवलं तरी चालेल, वाचकाला सातबारा वाचता येतो.

पायरी ६: नेता लिहिताना

पांढऱ्या कपड्यांतला, पान चघळणारा, धमक्या देणारा आमदार आता टाकून द्या. खरा प्रभावी नेता कधी बेकायदा गोष्ट सांगत नाही. तो फक्त म्हणतो, "साहेब, आपल्या माणसाचं जरा बघा." उरलेलं त्याचा पीए बोलतो, तेही दुसऱ्याच्या फोनवरून. गुन्हेगारी, राजकारण आणि नोकरशाही यांच्या साट्यालोट्यावर व्होरा समिती १९९३ मध्ये नेमली गेली, मुंबईच्या बॉम्बस्फोटांनंतर. तिचा अहवाल १९९५ मध्ये संसदेपुढे आला. माफियांचं जाळं जवळजवळ समांतर सरकार चालवतं, असं त्यात नोंदवलं होतं. तीस वर्षांपूर्वीच्या त्या निष्कर्षाला आज चेहरा द्यायचं काम कादंबरी करू शकते, म्हणून हा प्रकार मला महत्त्वाचा वाटतो.

नेत्याची सत्ता दाखवायला नागपूरचं हिवाळी अधिवेशन वापरा. डिसेंबरची थंडी, राज्यभरातून बंदोबस्ताला आलेले पोलीस, आणि सभागृहात तुमच्या प्रकरणावर लक्षवेधी सूचना, जिला मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. उत्तर तयार होण्याचा रस्ता पाहा. विधिमंडळाकडून गृह विभाग, तिथून महासंचालकांचं कार्यालय, मग पोलीस अधीक्षक, आणि शेवटी ठाणं. वर 'आजच्या आज' असा शेरा. म्हणजे मंत्री सभागृहात जे उत्तर वाचणार आहे, त्याचा कच्चा मसुदा रात्री अकरा वाजता ठाण्यातला एक हवालदार संगणकावर टाइप करतोय. तो मसुदा वर जाताना प्रत्येक टप्प्यावर एकेक वाक्य गळतं. 'आरोपीने राजकीय व्यक्तीशी संपर्क साधला' या वाक्याचं 'तपास सुरू आहे' होईपर्यंतचा प्रवास चार पानांत लिहा. सगळी व्यवस्था वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहील.

पायरी ७: साक्षीदार

फितूर साक्षीदाराला विकला गेलेला माणूस म्हणून लिहू नका. पंच म्हणून आलेला तो पाटबंधारे खात्यातला कारकून आठवा. पाच वर्षांत त्याची दोनदा बदली झालेली असते, मुलीचं लग्न ठरलेलं असतं, आणि तारखेला येण्याचा प्रवासखर्चही वेळेवर मिळत नाही. तो साक्षीत म्हणतो, "मागणी नेमकी ऐकू आली नाही." एवढंच. खटल्याचा कणा मोडतो, कारण लाचेची मागणी सिद्ध व्हावीच लागते. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला तरी मागणी परिस्थितीजन्य पुराव्यावरून सिद्ध होऊ शकते. तुमच्या दुसऱ्या भागाची उत्तरकथा या दोन वाक्यांच्या मध्ये आहे. टपरीवरचं पोर, ध्वनिमुद्रण आणि यादीत नसलेला तो कागद जुळवून ती मागणी पुन्हा उभी करायची आहे.

आणि थोडा न्याय आरोपीलाही द्या. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्यात २००३ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तांना निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी अटक झाली होती. पुढे न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. पहिल्या भागात तुम्ही पकडलेल्यांपैकी एखादा खरंच निर्दोष असेल तर? तुमच्या नायिकेची चूक झाली असेल तर? हा प्रश्न ज्या लेखकाला झोपू देत नाही, त्याचं दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा मोठं होतं.

पायरी ८: बोली आणि खबरदारी

महाराष्ट्राचं दल हिंदी मालिकांपेक्षा वेगळं बोलतं. इथे एपीआय आहे, ठाणे अंमलदार आहे, मुद्देमाल कारकून आहे. जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखेला एलसीबी म्हणतात, शहरात गुन्हे शाखेची युनिटं असतात. आयुक्तालयात डीसीपी, जिल्ह्यात एसपी. हे गोंधळलात तर पोलीस वाचक दहाव्या पानावर पुस्तक ठेवून देईल. पद, जिल्हा, नदी यांपैकी किमान दोन गोष्टी काल्पनिक ठेवा. जिवंत माणसाचं आडनाव बदलून त्याचीच हकीकत लिहिणं हे न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीत जाऊ शकतं, आणि लेखन म्हणूनही ते आळशी असतं.

हस्तलिखित प्रकाशकाकडे देण्याआधी ते दोन माणसांना वाचायला द्या: निवृत्त हवालदार आणि न्यायालयातला जुना कारकून. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त ठाणे अंमलदारांकडे मी एका तरुण लेखिकेची अडीचशे पानं नेली होती. आठवड्याने त्यांनी ती परत दिली. कथेबद्दल ते काही बोलले नाहीत. एका पानावर पेन्सिलीने खूण केली होती, तिथे बोट ठेवून म्हणाले, "बाई, रात्री दोनला साहेब खासगी गाडीने बाहेर पडले, बरोबर. पण त्या वेळेला स्टेशन डायरीत काय लिहिलं? आणि ते लिहायला कोण बसलं होतं?" लेखिकेने घरी जाऊन त्या बसलेल्या माणसाला नाव दिलं, त्याला एक मुलगा दिला, गुडघेदुखी दिली. तिच्या दुसऱ्या भागाचा निवेदक आता तोच आहे.